समेवर डावा पाय

चालताना माझा डावा हात हलत नाही, हे माझ्याआधी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या एका मित्राच्या लक्षात आलं. तो मागून येत होता. म्हणाला, "एक हात खिशात घालून काय चालतोयस?" हात खिशात नव्हता. उजवा व्यवस्थित पुढे-मागे होत होता आणि डावा खांद्यापासून नुसता लोंबत होता.

त्याआधी बरंच काही घडून गेलं होतं, पण सगळं सुटं सुटं. गजऱ्याचा वास येईनासा झाला होता. बँकेत सही जुळत नव्हती, कारण आडनावाची अक्षरं शेवटाकडे बारीक होत होत संपूनच जायची. नाशिकरोडच्या नोटा-तिकिटांच्या सरकारी प्रेसमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाची सही जुळू नये, यावर घरात भरपूर विनोद झाले. आणि डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा भाग, बिघडला होता. मी तरुणपणापासून तबला वाजवतो. नाव झालेला वादक नाही. भजनी मंडळं, ओळखीतल्या गायकांच्या घरगुती बैठका, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना मुलामुलींची साथ, एवढाच आवाका. डग्ग्यावर 'गे' हा बोल वाजवताना मनगट सरकून जो घुमारा यायला हवा, तो येईना. पुडी बदलून घेतली, वादी ओढून घेतली. दोष चामड्यात नव्हता.

एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय असं सांगून काही महिने शेक दिला. पार्किन्सनची सुरुवात पुष्कळदा अशी खांद्याच्या नावावर खपते म्हणे. न्यूरोलॉजिस्टना मात्र वेळ लागला नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली, बोळातून चालायला लावलं, वळायला लावलं आणि खुर्चीत बसायच्या आत निदान झालं. मेंदूच्या देठाजवळ काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो, तो डोपामिन तयार करतो. त्या पेशी मरत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या रोगाचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव. आपल्याकडे कंपवात म्हणतात. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, तेच मी आज गोळीतून घेतो. गोळीत मात्रा मोजलेली असते, म्हणून पूड कुणी कितीही आग्रहाने दिली तरी परस्पर घ्यायची नाही, ही डॉक्टरांची पहिली ताकीद.

माझ्या बाबतीत कंप थोडा, ताठरपणा जास्त. आणि त्याहून वाईट म्हणजे गोठणं. दारात आलो, वळायचं ठरवलं किंवा समोरून कुणी घाईने आलं की पाय जमिनीला चिकटतात. डोकं पुढे निघालेलं असतं, पाय मागेच. रविवार कारंजाच्या गर्दीत एकदा असा उभा राहिलो तेव्हा मागच्या माणसाने "चला ना आजोबा" म्हटलं. त्यातलं 'आजोबा' मला जास्त लागलं, हे खरं सांगायला हरकत नाही.

फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइलवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला शंभर ठोके, आणि म्हणाल्या, "काका, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल." मी चाललो. बऱ्यापैकी चाललो. आश्चर्य वाटण्याऐवजी मला राग आला. आयुष्यभर लय सांभाळलेल्या माणसाला ती टकटक ऐकून चालावं लागतंय! मॅडमना म्हटलं, एवढंच करायचं असेल तर माझ्याकडे याहून बरं काही आहे. तबल्याचं ॲप काढलं, केहरवा ताल लावला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण माझ्या दृष्टीने सगळी मौज इथेच आहे.

शाबूत मेंदूला चालताना लय बाहेरून लागत नाही. आतल्या आत एक पाऊल संपतं आणि दुसरं सुटतं. पार्किन्सनमध्ये ही आतली लय विस्कटते, पण बाहेरून ऐकलेल्या लयीला पाय जोडण्याचा मेंदूतला रस्ता बराचसा उघडा राहतो. संशोधक मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हे मोजून दाखवलं. रुग्णांना तीन आठवडे ठोके भरलेलं संगीत लावून रोज चालायला लावलं, लय हळूहळू वाढवत नेली आणि चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. मॅडमनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी लगेच तालांकडे वळलो. कुठला ताल चालायला चांगला? त्यांच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

केहरव्याच्या मात्रा आठ. मात्रेला एक पाऊल टाकलं तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दर आवर्तनाला त्याच पायावर येते. मी ती डाव्या, म्हणजे आळशी पायावर घेतली. 'धा'मध्ये डग्ग्याचा भरीव आवाज असतो, तो त्या पायाला ढकलतो. पाचव्या मात्रेला 'ना', ती तालाची 'खाली', म्हणजे डग्ग्याविना येणारी मात्रा, तिथे पुन्हा डावाच पाय असतो, पण तोवर त्याला गती आलेली असते. दादऱ्याचं गणित वेगळं. मात्रा सहा, तीन-तीनचे दोन भाग. सम डाव्यावर घेतली तर खाली उजव्यावर पडते. दोन्ही पायांना एकेकदा मान मिळतो, ऐकायला गोड, पण मला त्यात झोका जाणवतो आणि तोल जातो. रूपक तर सरळ बाद. मात्रा सात, म्हणजे दर आवर्तनाला सम पाय बदलते. शिवाय रूपकाची समच 'ती'ची, तिथे डग्गा गप्प. ज्या पायाला धक्का हवा तिथे नेमकी शांतता. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. विद्यार्थ्याला ताल समजावताना हे मी पूर्वी तोंडाने कैक वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी पायाने सांगितलं.

एक बाजूची गोष्ट. अमुक राग तमुक रोगावर, असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात. मलाही आठवड्यातून एखादा येतो. कंपवातावर कुठला राग यावर त्या तक्त्यांचं आपसातसुद्धा एकमत नाही. संध्याकाळी मारवा ऐकून मला जे होतं ते होतंच, पण त्याला औषध म्हणायची माझी तयारी नाही. ठेक्यावर पाय उचलतो, हे मात्र घड्याळ लावून दाखवता येतं.

घोड्याचा विषय मॅडमनीच काढला. गिरणाऱ्याच्या वाटेवर एका मळ्यात चार-पाच घोडी आहेत, मळ्याचे मालक हौशी, आणि मॅडमनी घोड्याच्या चालीचा उपचारात वापर करण्याचं शिक्षण घेतलेलं. तिथे त्या प्रामुख्याने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना नेतात. त्यांनी मला लिस हार्टेल या डॅनिश बाईची हकिगत सांगितली. १९४४ साली तिला पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला माणसं लागत. तशाही स्थितीत तिने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ साली पुन्हा. त्या प्रकारात बायकांना पुरुषांबरोबर उतरायची परवानगीच मुळी १९५२ साली मिळाली होती. तिच्यानंतर युरोपात घोड्यावरच्या व्यायामाकडे डॉक्टर गंभीरपणे पाहू लागले.

न्यूरोलॉजिस्टनी आढेवेढे घेत होकार दिला. अटी त्यांच्या: हाडांची घनता तपासून घ्यायची, हेल्मेट घालायचं, घोड्यापुढे एक माणूस आणि दोन्ही बाजूंना एकेक, खाली मऊ माती आणि गोळी पूर्ण लागू झाल्यावरच बसायचं. चालीपलीकडे घोडी पळवायची नाही. आणि मुख्य म्हणजे, याने रोग बरा होईल अशी आशा धरायची नाही. पार्किन्सनमध्ये घोड्याचा उपयोग दाखवणारे अभ्यास लहान आहेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खरा विरोध घरून होता. "लग्नात घोडा नको म्हणून रिक्षाने आलात," ही म्हणाली, "आणि आता?" या वयात वरातीमागून घोडं, असं मीच म्हणून टाकलं आणि विषय मिटवला.

मळ्यात घोड्यांचं सगळं बघतात ते चाचा. सत्तरीचे असतील. पंचवटीत त्यांच्या वडिलांचा टांगा होता, पुढे यांचाही. त्याआधीच्या पिढीत नाशिकरोड ते गाव अशी ट्राम होती आणि तिचे डबे सुरुवातीला घोडेच ओढायचे, हे मी पुस्तकात वाचलेलं. चाचांनी ते आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. रिक्षा आल्या, टांगा गेला, चाचा काही वर्षं वरातीची घोडी सांभाळत होते, मग या मळ्यावर आले. माझ्या वाट्याला आलेली घोडी शेवंती, कुमैत रंगाची, काठेवाडी रक्ताची, कानांची टोकं आत वळलेली. ती चाचांनी सारंगखेड्याच्या बाजारातून पारखून आणलेली. दत्तजयंतीला तापीच्या काठी हा बाजार भरतो आणि खानदेशातल्या कुठल्याही घोड्याच्या गोष्टीत तो येतोच.

पहिले काही दिवस मला बसूच दिलं नाही. चाचांनी हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचं साधन, दिला, तोही डाव्या. "गोल फिरवा काका, मोठा गोल. कंजूषी नको." पार्किन्सनमध्ये हालचाली आपोआप लहान होत जातात, सही बारीक होते तसं सगळंच बारीक होतं. माणसाला वाटतं आपण पुरेसा हात उचलला, प्रत्यक्षात निम्माच उचललेला असतो. मॅडम 'मोठी हालचाल करा' म्हणून घसा कोरडा करायच्या. आता घोडीची पाठच माझ्या खांद्याच्या उंचीची. तिथवर पोचायचं तर हात पूर्ण उचलावाच लागतो आणि अर्धवट घासलं तर धूळ दिसते. खरारा, मग मऊ ब्रश, मग आयाळ विंचरणं. कुठे उभं राहायचं तेही चाचांनी शिकवलं. घोड्याचे डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने जायचं, जाताना बोलत राहायचं, मागून जायची वेळ आली तर पुठ्ठ्यावर हात ठेवून.

घोड्याचं अंग साधारण ३८ अंशांवर असतं, आपल्यापेक्षा थोडं गरम. डिसेंबरच्या सकाळी गंगापूर धरणाकडून वारा येतो तेव्हा माझी बोटं मिटलेलीच असतात. शेवंतीच्या मानेखाली हात ठेवला की ती हळूहळू उघडतात. इतकी साधी गोष्ट, पण त्या गारठ्यात मला ती कुठल्याही मलमापेक्षा आवडते.

बसायची वेळ आली तेव्हा दगडी ओट्यावरून बसवलं. खोगीर नव्हतं, जाड नमदा आणि त्यावर धरायला कडी असलेला पट्टा. रिकिबी नाहीत, पाय मोकळे. याचं कारण असं की घोडीच्या पाठीची हालचाल थेट कमरेपर्यंत पोचली पाहिजे. चाचांनी लगाम धरला, जिभेने च्यक् केलं आणि शेवंती निघाली.

पहिल्या दोन मिनिटांत भीतीशिवाय काही जाणवलं नाही. मग कंबर हलायला लागली. मी हलवत नव्हतो. घोडीचा मागचा डावा पाय हवेत पुढे येतो तेव्हा तिची पाठ त्या बाजूला किंचित उतरते, तुमची कंबर तिच्याबरोबर उतरते, थोडी पुढे जाते, थोडी फिरते. मग उजवीकडे तेच. माणूस स्वतः चालताना कंबर जशी खाली-वर, पुढे-मागे आणि गोल अशी तिन्ही अंगांनी हलते, जवळजवळ तीच हालचाल, फक्त पायांवर वजन नाही आणि पडायचं भय कमी. माझी कंबर कित्येक महिन्यांत अशी हललेली नव्हती. ताठरलेलं धड एकसंध फिरवून मी वळायचो; इथे खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे जायला लागली.

आणि मग टापा ऐकू आल्या. जुनी सवय, मोजायला लागलो. घोड्याच्या चालीत चार पाय चार वेगळ्या वेळी पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार समान ठोके. माझी कंबर मात्र तेवढ्यात दोनदाच हलते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणजे टापा कमरेच्या बरोबर दुगुनीत. चालीत घोडा मिनिटाला साधारण पन्नास ते साठ वेळा चारही पायांचा फेरा पूर्ण करतो. त्याची दुप्पट करा. शंभर ते एकशे वीस! निरोगी माणूस मिनिटाला जितकी पावलं टाकतो तेवढीच ही संख्या. मॅडमचा मेट्रोनोम, माझा केहरवा आणि शेवंतीची पाठ हे तिन्ही एकाच लयीत होते, आणि तिला ती लय कुणी शिकवलेली नव्हती.

मी घोडीवर बसल्या बसल्या पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणं, सुरू केली. 'धा गे ना ती, ना के धी ना.' कंबर डावीकडे उतरली की 'धा'. चाचा हसायला लागले. त्यांनी दुडकीचं सांगितलं, तीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून दोनच ठोके. टांग्याची चाल ती. त्यापुढची संथ दौड तीन ठोक्यांची, पण तीन ठोक्यांनंतर चारही पाय क्षणभर हवेत असतात. तीन वाजवायचे आणि चौथी जागा मोकळी सोडायची. हे ऐकून माझ्यातल्या तबलजीला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगू शकत नाही. डॉक्टरांच्या अटीमुळे त्या दौडीवर मी बसणार नाही, पण मालकांची मुलगी रिंगणात घोडा फिरवते तेव्हा कठड्याला टेकून मी मांडीवर ती मोकळी मात्रा मोजतो. ऑलिंपिकमध्ये १९९६पासून घोड्यांनी संगीताच्या लयीवर चाली करून दाखवायच्या असतात म्हणे. तिथे घोडा गाण्याला पाळतो की गाणं घोड्याला बेतलेलं असतं? चाचा म्हणतात, गाणंच घोड्याला बेततात, आणि मलाही तेच पटतं.

आवाजाचं प्रकरण निराळं. पार्किन्सनमध्ये आवाज बसत जातो आणि ज्याचा बसतो त्याला ते कळत नाही. आपण नेहमीसारखं बोलतोय असंच वाटतं. घरी ही टीव्ही बारीक करायची, मुलगी फोनवर "बाबा, काय?" म्हणायची, मित्र जवळ सरकून बसायचे. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. शेवंतीने घेतलं नाही. तिला 'चल' आणि 'थांब' हे शब्द कळतात. चाचा मुद्दाम गप्प राहिले आणि मला म्हणाले, "तुम्ही सांगा." मी "चल" म्हटलं. तिने एक कान मागे वळवला आणि पुन्हा पुढे केला. दुसऱ्यांदा म्हटलं, तेच. "पोटातून काका," चाचा म्हणाले, "मैतीत बोलल्यासारखं नका बोलू." तिसऱ्यांदा मी बैठकीत आवर्तन मोजून दाखवताना जसा ओरडायचो तसा ओरडलो, आणि ती निघाली.

मॅडमना हे फार आवडलं. आवाज मोठा करण्याचे व्यायाम पार्किन्सनवर जगभर करून घेतले जातात आणि त्यात सगळा भर एकाच गोष्टीवर असतो, मोठ्याने. त्या रोज सांगत होत्या, मी रोज टाळत होतो. घोडीसमोर टाळता येईना. तेव्हापासून सकाळी तानपुऱ्याच्या ॲपवर खर्ज लावतो. मंद्र सा, एका श्वासात जितका टिकेल तितका, मग त्याच श्वासाच्या शेवटी पढंत, स्पष्ट आणि मोठी. तबला शिकताना आमचे गुरुजी म्हणायचे, जे तोंडात नाही ते हातात येत नाही. त्यामुळे पढंत मला परकी नाही. गाणं मात्र मी कधी शिकलो नाही. ज्या नाशकात विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात रामनामाचा आश्रम काढून राहिले, तिथे मला गळा काढायला साठी उलटावी लागली आणि तेही एका घोडीच्या हट्टापायी. शेजारच्यांनी अजून तक्रार केलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी "भजनी मंडळ सुरू केलंत का?" असं विचारलं, ते मी कौतुक समजतो.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नाशकात ढोलाचे सराव सुरू होतात. नाशिक ढोल म्हटल्यावर बाहेरच्यांच्या अंगात येतं, आमच्या तर रक्तातच आहे. एका सकाळी मी घोडीवर असताना पलीकडच्या मोकळ्या जागेत कुठल्यातरी पथकाने पहिला ठोका टाकला. शेवंतीचे दोन्ही कान टोकाला टोक लावून उभे राहिले. मला वाटलं उधळते. उधळली नाही. जागच्या जागी पाय उचलायला लागली, पुढचे, एकानंतर एक, उंच. पूर्वी ती वरातीत होती आणि ढोल वाजला की नाचायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. माझी कंबर केहरव्यात, खाली घोडी भलत्याच लयीत, आणि मी मध्ये. बाजूच्या दोघांनी मांड्या घट्ट धरल्या, चाचा तिच्या तोंडाशी गेले, हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिले आणि मिनिटाभरात ती स्थिर झाली. मला खाली उतरवलं तेव्हा मी घामाने भिजलेला, ती कोरडी.

वरातीतल्या घोड्यांना नाचायला कसं शिकवतात, हे चाचांनी त्या दिवशी चहा पिताना सांगितलं. सगळं इथे लिहीत नाही. दोरीने पाय बांधून, चाबकाने, एवढं पुरे. स्वतः कधी तसं केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण घोड्यांच्या सहवासाने माणसाचं मन निवतं असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की आता मला घोड्याच्या मनाचं काय, असा प्रश्न पडतो. शेवंतीला दिवसाला दोनच माणसं बसवतात, वीस-वीस मिनिटं, आणि कान मागे पडले किंवा शेपटी फटकारायला लागली तर सत्र तिथेच थांबतं, पैसे भरलेले असोत वा नसोत. असं नसतं तर मी तिथे जाणं बंद केलं असतं. कुणी अशा ठिकाणाच्या शोधात असेल तर घोड्याच्या पाठीवर जखमा आहेत का, नाल वेळेवर बदलतात का आणि घोडा कितीदा विश्रांती घेतो, हे आधी बघावं. बाकी प्रमाणपत्रं नंतर.

खर्चही कमी नाही. पेन्शनीतून मी तो भागवतो, सगळ्यांना जमणार नाही. केहरवा मात्र फुकट आहे, आणि निवड करायचीच झाली तर मी केहरवा निवडेन. घोडीवरून उतरल्यानंतरची चाल दिवसभर, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत सैल राहते. ठेका रोज, हवा तेव्हा, दाराच्या चौकटीतसुद्धा हाताशी असतो. पाय चिकटले की मी आता पाय उचलायच्या खटपटीत पडत नाही. थांबतो, तोंडातल्या तोंडात एक पूर्ण आवर्तन म्हणतो आणि पुढच्या समेला डावा पाय टाकतो. दहातल्या सात-आठ वेळा सुटतो. उरलेल्या वेळी कुणाचा तरी हात धरतो.

काय बदललं नाही तेही सांगायला हवं. डाव्या हाताचा कंप आहे तसाच आहे. गजऱ्याचा वास आलेला नाही. गोळ्या कमी झालेल्या नाहीत, उलट गेल्या तपासणीत थोड्या वाढल्या. सकाळची गोळी आणि दूध यांच्यात अंतर ठेवावं लागतं, प्रथिनांनी ती नीट शोषली जात नाही, म्हणून मळ्यावरचा चाचांचा चहासुद्धा मी बिनदुधाचा घेतो आणि त्यांना तो अपमान वाटतो. एक चाचणी असते, खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. पूर्वी मला अठरा-एकोणीस सेकंद लागायची, आता तेरा-चौदा. त्यात घोडीचा वाटा किती, ठेक्याचा किती आणि गोळीचा किती, हे न्यूरोलॉजिस्ट सांगू शकत नाहीत. मलाही त्याची वाटणी करत बसायची गरज वाटत नाही.

सध्या मॅडमनी मला कामाला लावलंय. त्यांच्या बाकीच्या रुग्णांसाठी मी ठेके रेकॉर्ड करून देतो, ॲपचा तबला त्यांना कोरडा वाटतो. मिनिटाला ९६, १०४, ११२ आणि १२०, अशा चार लयी, प्रत्येक दहा मिनिटांची, सुरुवातीला एक आवर्तन नुसती पढंत म्हणजे पाय कुठला टाकायचा ते कळतं. डग्गा मी वाजवत नाही, तो माझा एक विद्यार्थी वाजवतो. तबला आणि तोंड माझं. नाशिकरोडच्या एका काकूंना ठेका नको, लावणी हवी आहे. त्यांना म्हटलं, तुम्हाला हवी ती लावणी बहुधा केहरव्यातच निघेल, चाल तेवढी ढोलकीची करून देतो. १०४वर. येत्या रविवारी ढोलकीवाला मोकळा आहे.